आक्काच्या कानातले लूम

१

"डॉक्टरबाई, आमच्या आक्काला कोनी मारली, तेवढा शोधून द्या."

केसरीनाथ दारातूनच हे म्हणाले आणि माझ्या मांडीवरचं लसणाचं ताट लवंडलं. राहनाळ गावच्या या माणसाला मी त्याच्या मिशा काळ्या होत्या तेव्हापासून ओळखते. त्यांच्या देवेशला आणि विनिताला लहानपणी सुया मीच टोचल्या. आता माझा दवाखाना बंद आहे, पाटीसुद्धा काढली, पण भिवंडीतली माणसं पाटी वाचून थोडीच येतात? "माई हायत का घरात?" म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरतात.

आक्का म्हणजे केसरीनाथांची बायको. सगळं गाव तिला आक्काच म्हणायचं. आठवड्यापूर्वी ती ठाण्याच्या इस्पितळात वारली, ते मला कळलं होतं. म्हातारं माणूस, संधिवातानं पार आखडलेलं, शिवाय हृदयाचं दुखणं. मी हळहळले आणि गप्प बसले.

"अहो, आधी बसा," मी म्हटलं. "मारली म्हणजे काय? काहीतरी काय बोलता?"

ते खुर्चीच्या कडेला टेकले. खांद्यावर आक्काची तपकिरी लोकरी शाल होती. एवढ्या उकाड्यात!

"ठान्याच्या डॉक्टरनी सांगितला, रगतात औषध जास्ती झालाय. दुखन्याच्या गोलीचा. मंग पोलीस आलं, कापाकापी झाली. आनि घरात औषध द्यायची ती सूनबाय. क्षितिजा." त्यांचा आवाज बसला. "आता विनिता सांगते, वयनीनंच मारली. देवेश बायकोशी बोलत न्हाय. तेराव्यानंतर फौजदार तिला घेऊन जानार. मी सांगतंय, माझी सून तशी न्हाय. पन माजा कोन आयकतो?"

"आणि क्षितिजा काय म्हणते?"

"काय म्हनत न्हाय. तोच तर घात हाय. तोंड शिवून बसलीय."

मला सर्दी झाली होती, नाक चोंदलेलं. तरीही शालीला कसलासा वास असल्यासारखं वाटलं, खोकल्याच्या गोळीसारखा गोडसर. मी म्हटलं, "ही शाल तरी धुवायला टाका हो."

"सूनबाय पन मागत होती धुवायला. मी दिली न्हाय." त्यांनी शाल छातीशी धरली. "आक्काचा वास हाय हिला. डॉक्टरबाई, तुमी शोधा. जो कोन असल त्याला मी सोडनार न्हाय. मंग तो माझ्या पोटचा असला तरी."

मी शब्द दिला. नसता दिला तर बरं झालं असतं, असं मला पुढे खूपदा वाटलं.

२

ठाण्याच्या त्या इस्पितळातला डॉक्टर आल्हाद हा आमच्या आळीतला. त्याच्या मुंजीत मी जेवलेय. त्याला फोन लावला.

"माई, केस साधी नव्हती," तो म्हणाला. "बाई आली तेव्हा धाप लागलेली, घामाघूम, उलट्या आणि भ्रम. आधी आम्हाला वाटलं छातीत कफ आहे. मग रक्त तपासलं, तर सॅलिसिलेट भरमसाट."

सॅलिसिलेट हे एका औषधाचं नाव नाही, खानदानाचं आहे. ॲस्पिरिन हा त्यातला मोठा, नावाजलेला भाऊ. ताप उतरवतो, दुखणं कमी करतो, रक्त पातळ ठेवतो, म्हणून हृदयाच्या रोग्याला रोज छोटीशी गोळी देतात. माणूस गुणी, पण त्याचं ठरलेलं माप ओलांडलं की घर जाळतो. पोटात रक्तस्राव काय, मूत्रपिंडं बंद पडणं काय. तापातल्या पोरांना तर ही गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊच नये, हे सांगता सांगता माझं आयुष्य गेलं.

"रोजची छोटी गोळी होती ना तिला?" मी विचारलं.

"होती. पण तेवढ्यानं हे होत नाही. मूठभर खाल्ल्या तर होईल. गंमत अशी, म्हणजे गंमत कसली म्हणा, तिच्या पोटात गोळ्यांचा मागमूस नव्हता. नातेवाईक म्हणाले, शेवटी शेवटी ती काही गिळतच नव्हती."

"मग रक्तात आलं कुठून?"

"तेच तर. मी सुनेला विचारलं, डोकेदुखीची पूड वगैरे? नाही म्हणाली. काढा, चूर्ण? नाही. अंगाला काही लावता? त्यावर ती जरा थांबली. मग म्हणाली, नाही."

"थांबली म्हणजे?"

"थांबली, माई. सासरे समोर बाकड्यावर बसले होते, त्यांच्याकडे बघत राहिली. तेव्हा बाई जाऊन तासभर झाला होता, मीही फार ताणलं नाही. नंतर वाटलं, पोलिसांना हे सांगावं का?"

"दोन दिवस थांब," मी म्हटलं. फोन ठेवला. पोरगी खोटं बोलली होती, आणि तेही मेलेल्या सासूच्या दाराशी.

३

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून राहनाळला गेले. आमचे हे, म्हणजे तात्या, म्हणाले, "तुझे गुडघे आधी सांभाळ, मग दुसऱ्यांचे खून." मी लक्ष दिलं नाही. या माणसाला योग्य वेळी गप्प बसणं कधी जमलंच नाही.

केसरीनाथांचं घर आता दुमजली आहे. भोवती गोदामं आणि घराच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांचा कारखाना. खडखड इतकी की बोलायचं तर ओरडूनच. देवेश मानकोलीला मोठ्या गोदामात सुपरवायझर आहे. घरात शिरताच त्याची नोकरी दिसते. माल गुंडाळतात तो पारदर्शक प्लास्टिकचा ताव, त्याची उरलेली रिळं घरभर. सोफ्याला प्लास्टिक, तांदळाच्या डब्याला प्लास्टिक, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा.

"बाबांना नादच हाय," विनिता नाक मुरडून म्हणाली. "काय दिसला की गुंडाळतात." मग माझ्या शेजारी बसली आणि तिचा बांध फुटला. आईवेडी पोर, डोळे सुजलेले. "माई, तुम्ही तिला विचाराच. आई आजारी पडायच्या आधी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. वहिनीला गोदामात नोकरी करायची होती, आई नको म्हणत होती. मग आईचं दुखणं वाढलं. शुक्रवारी आई इतकी खराब झाली, तेव्हा ही कुठं होती? बाजारात जाते म्हणून गेली ती दुपार करून आली. हातात पिशवी पण नव्हती!"

"आणि?"

"आणि आल्यावर काय केलं? आईला पुसून काढलं, लुगडं बदललं, चादरी बदलल्या, मग गाडी बोलावली. आई गेल्यावर तर सगळं धुऊन टाकलं, गादीसुद्धा उन्हात. बाबांची शालपण ओढत होती. पुरावा धुतला, माई, दुसरं काय?"

मी औषधांचा डबा मागवला. ॲस्पिरिनचं पाकीट तारखेशी बरोबर जुळत होतं, उलट शेवटच्या दोन-तीन दिवसांच्या गोळ्या शिल्लकच होत्या.

"दुसरं पाकीट आणलं असेल," विनिता म्हणाली.

"आणलं असेल. पण गिळवलं कसं? आई तिच्या हातचं खात होती?"

विनिता थबकली. "न्हाय. शेवटचे दिवस कुणाच्याच हातचं न्हाय. बाबांच्या हातचं पाणी घ्यायची फक्त. वेड्यासारखंच करायची. शुक्रवारी सकाळी मी आले, तर मला म्हणते, तो लूम बंद करायला सांग, डोकं फुटतंय. मी म्हटलं, आई, सांगते. उगाच वाद कशाला?"

देवेश कोपऱ्यात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो म्हणाला, "मला काय विचारू नका, माई. मी आईकडे बघू की बायकोकडे, तेच मला कळत नाही." आणि रडायला लागला. एवढा धिप्पाड गडी, पण त्याच्या पाठीवर हात ठेवायची मला हिंमत झाली नाही.

४

क्षितिजा वर गच्चीत होती. उंच, सावळी, हाताला सतत काम असणारी मुलगी. आता नुसती कठड्याला टेकून उभी होती.

"शुक्रवारी कुठं होतीस?" मी सरळ विचारलं. माझा स्वभावच तो.

"मानकोलीला. मुलाखत होती. कॉम्प्युटरवर मालाची नोंद करायचं काम. आक्कांना दुखवायचं नव्हतं म्हणून बाजार सांगितला." ती कडवट हसली. "नोकरी मिळाली, माई. फोन आला, तेव्हा आम्ही इस्पितळात होतो."

हे खरं होतं. खरं बोलणारं माणूस तुमच्याकडे बघून बोलतं.

"आणि आक्काच्या अंगाला काही लावत नव्हता तुम्ही?"

तिनं मान फिरवली. "नाही."

"डॉक्टरनं विचारलं तेव्हा सासऱ्यांकडे का बघितलंस?"

खाली लूमची खडखड चालू होती. मग एकदम वळून तिनं माझे दोन्ही हात धरले.

"माई, तुम्ही शोधू नका. पाया पडते. मला नेऊ दे त्यांना. माझं काय व्हायचं ते होवो."

"अगं, खुनाचा आळ आहे तुझ्यावर! नवरा तोंड फिरवून बसलाय. पदरात पाच वर्षांची लेक आहे!"

"म्हणूनच सांगते," ती म्हणाली. "माझं वय आहे. मी सोसेन. सगळ्यांना नाही सोसणार."

कुणाला नाही सोसणार? ते काही केल्या सांगेना.

५

उतरताना जिन्यात माझा गुडघा धरला. अंगणात शेजारच्या सीताबाई भांडी घासत होत्या, त्यांनी स्टूल दिलं. आक्काला शेवटची आंघोळ यांनीच घातलेली. गावात कुणी गेलं की बाया सीताबाईंनाच हाक मारतात.

"बाय माझे, काय सांगू," त्या म्हणाल्या. "हाडाची मोली झालती निस्ती. आनि गुडघं बघवत न्हवतं. कातडीची सालपटा निंगालेली. आनि वर मांडीला न खाली पोटरीला गोल वल. कोनी पट्टा आवलून बांधावा तसं."

"बांधल्याचे वळ? दोरीचे?"

"दोरी न्हाय ओ. रुंद वल. मना वाटला, इस्पितलात काय बांधला आसल."

इस्पितळात गुडघ्याला कोण कशाला काय बांधेल? मी स्टुलावर बसून राहिले. आणि मग कानात काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं. मागचा कारखाना बंद झाला होता. वीज गेली असेल. सगळीकडे एकदम शांत.

"सुखाचा जीव," सीताबाई हसल्या. "नायतर शुक्रवारच गावतो आमाला. तवा सुटी आसते, लूम बंद. शुक्रवारी सकालच्याला कोंबडा पन आयकू येतो."

शुक्रवारी लूम बंद असतात!

ही गोष्ट मी जन्मभर जाणते. भिवंडीतलं शेंबडं पोर जाणतं. पण विनिता लग्न होऊन लांब गेली, आणि त्या गडबडीत कुणाच्याच ध्यानात आलं नाही. शुक्रवारी सकाळी आक्का म्हणत होती, लूम बंद करा. ऐकायला लूम नव्हताच. तो तिच्या कानात चालू होता.

सॅलिसिलेट अंगात जास्त झालं की सगळ्यात आधी कान वाजतात. घुंई घुंई, खडखड, कुणाला शिटी, कुणाला समुद्र. ही देवानं वाजवलेली घंटा असते. तेव्हाच थांबवलं तर माणूस वाचतं. आक्काच्या घरामागे जन्मभर लूम चालले, मग तिची घंटा कोण ओळखणार?

मी उठले. घरात गेले. टीपॉयवर तो प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला रिमोट होता. हातात घेतला, उलटासुलटा केला. केसरीनाथ शाल घेऊन पलंगावर झोपले होते, म्हातारं माणूस दमून झोपतं तसे, तोंड उघडं. मी वाकले आणि शालीला नाक लावलं. सर्दी आता उतरली होती. तो खोकल्याच्या गोळीचा वास नव्हता.

दुखरे सांधे चोळायच्या गंधपुऱ्याच्या तेलाचा होता.

६

क्षितिजाला मी मागच्या खोलीत ओढून नेलं आणि दार लावलं.

"बाटली कुठे टाकलीस?"

तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं नाही म्हणायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"खाडीत," ती म्हणाली. आणि मग मात्र हुंदके देत सगळं ओतलं.

गेल्या वर्षापासून आक्काचे गुडघे फार आखडले. केसरीनाथ बायकोला घेऊन गणेशपुरीला गेले, गरम पाण्याच्या कुंडात बसवलं, थोडं बरं वाटलं. तिथं रस्त्यावर गंधपुऱ्याचं तेल मिळालं, निव्वळ, कशात न मिसळलेलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी, देवेश गोदामातून यायच्या आत, ते स्वतः चोळत. पुढे पुढे आक्काला बरं वाटेना, तशी तेलाची धार वाढली. गुडघे, कंबर, खांदे, पाठ. मग केसरीनाथांच्या मनात आलं की तेल हवेत उडून जातं, आत मुरत नाही. आंब्याची आढी झाकली की ऊब धरून पिकते ना, तसं हेही झाकावं. घरात गोदामाचं प्लास्टिक होतंच. तेल चोळायचं, वर प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं, त्यावर शाल, त्यावर गरम पाण्याची पिशवी. रात्रभर.

मी डोळे मिटले. त्या तेलात सॅलिसिलेट इतकं दाट असतं की चमचाभर पोटात गेलं तर पोर दगावेल. ते ॲस्पिरिनचंच सख्खं भावंड, फक्त बाटलीवर तसं लिहिलेलं नसतं. साध्या कातडीतून ते थोडं थोडं जातं. वर प्लास्टिक आणि शेक दिला की कातडीचं दार सताड उघडतं. त्यात आतून रोजची गोळी, थकलेली मूत्रपिंडं, उलट्यांनी आटलेलं पाणी. तोंडानं एक घास न घेता आक्का रोज विष पीत होती.

"मला आधी ठाऊक नव्हतं हो, माई," क्षितिजा म्हणाली. "उलटी झाली म्हणून मी त्यांना पुसलं, प्लास्टिक काढलं. दुसरं काय मनात नव्हतं. पण आक्का गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, अंगाला काही लावता का, तेव्हा डोक्यात वीज पडली. समोर बाबा बसले होते. हात मांडीवर ठेवून. मी हो कसं म्हणू? त्यांनी त्याच हातांनी... ते कळलं तर ते जगणार नाहीत."

"आणि तू खुनी ठरलीस तर जगशील?"

"मला ठाऊक आहे ना मी केलं नाही ते. त्यांना तो आधार नसेल."

चाळीस वर्षं डॉक्टरकी केली, मरणं पाहिली, जन्म पाहिले. पण अशी पोर पाहिली नव्हती. मी तिला पोटाशी धरलं आणि दोघी रडलो. मग मी डोळे पुसले आणि एक बेत केला. खोटं बोलायचा.

७

त्याच दुपारी मी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. केसरीनाथ पलंगावर, शाल मांडीवर. विनिता त्यांच्या पायाशी, देवेश दाराशी, क्षितिजा भिंतीला टेकून. सीताबाईही पदराला हात पुसत आल्या.

"कुणी मारलं नाही आक्काला," मी म्हणाले. "गोळ्या कुणी दिल्या नाहीत. औषध पोटातून गेलंच नाही, कातडीतून गेलं. गंधपुऱ्याच्या तेलातून." आणि मी सांगितलं, जेवढं सांगायचं तेवढं. कानातले लूम, शुक्रवारची सुट्टी, धाप, घाम. तेल आणि गोळी एकाच खानदानातली. "आक्कानं स्वतःच तेल लावलं असणार. कुणाला न सांगता, जास्त. दुखण्यापुढे माणूस काय करत नाही? अपघात आहे हा. आल्हाद पोलिसांना लिहून देईल, मीही देईन."

विनितानं तोंडावर हात ठेवला. देवेशनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा बायकोकडे पाहिलं. मला वाटलं, जमलं. देवा, जमलं.

"डॉक्टरबाई," केसरीनाथ म्हणाले.

ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"आक्काची बोटा वाकडी झाल्ती. बाटलीचा बूच तिला उघडत न्हवता. हात गुडघ्यापर्यंत पोचत न्हवता. भाकर पन मी मोडून द्यायचो." त्यांचा आवाज अगदी साधा होता, शेताचा बांध दाखवावा तसा. "तेल मी लावलाय. प्लास्टिक मी बांधलाय."

"बाबा, नका," क्षितिजा पुढे आली. "नका ना."

"तुला म्हाईत होता?" त्यांनी मान वर केली. तिनं मान खाली घातली, आणि त्यातच त्यांना उत्तर मिळालं. म्हातारा हळूहळू उठला, तिच्यापर्यंत गेला, आणि तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. तो हात मध्येच थांबला. ठेवावा की नाही, त्यांना कळेना. तेव्हा त्या पोरीनं तो हात दोन्ही हातांनी धरला आणि आपल्या डोक्यावर दाबून ठेवला.

"पोरी, माझ्यापायी तू जेलात चालली व्हतीस," ते म्हणाले, आणि मग आक्का गेल्यापासून न रडलेला तो माणूस ढसाढसा रडला.

विनिता उठली ती सरळ वहिनीच्या पायांशी बसली. कपाळ टेकून राहिली. देवेशनं तिला उठवलं नाही, तो स्वतःच तिथे खाली बसला.

निघताना केसरीनाथ मला सोडायला रिक्षापर्यंत आले. "येक सांगा," त्यांनी विचारलं. "मी तेल लावला का ती म्हनायची, तुमचा हात लागला, आता बरा वाटतो. ते खोटा म्हनायची काय?"

त्या दिवसाचं खोटं मी बोलून चुकले होते. आणखी बोलायची गरजच पडली नाही.

"खरंच बरं वाटायचं तिला," मी म्हणाले. "ते खरं होतं, केसरीनाथ."

८

पोलिसांनी जबाब घेतले, आल्हादनं कागद दिले, प्रकरण अपघात म्हणून मिटलं. क्षितिजा मानकोलीला नोकरीला लागली. सकाळी तिला रिक्षापर्यंत सोडायला सासरे जातात, असं सीताबाईंनी कुणाकडून तरी कळवलं.

माझ्याकडे अजून लोक येतात. आता मी आधी एकच विचारते: तोंडानं काय घेता ते सांगितलंत, अंगाला काय चोळता? मलम, तेल, पट्टी, सगळं सांगा. वर काही बांधता? शेक देता? कान वाजतात? लोक वैतागतात. तात्या म्हणतात, "तू आता फौजदारासारखी बोलतेस." बोलू दे त्यांना.

परवा संध्याकाळी केसरीनाथ आले. बारीक झालेत. खांदा दुखतो म्हणाले, आणि मी काही विचारायच्या आधी खिशातली पाकिटं काढून माझ्यापुढे ठेवली. "हे घेतंय, हे घेतंय. लावत काय न्हाय."

मी तपासलं, एक साधी गोळी सांगितली, जेवणानंतर, आणि दोन दिवसांत उतार नाही पडला तर पुन्हा या म्हटलं. ते हो म्हणाले, पण उठेनात. हात मांडीवर उपडे ठेवून बसून राहिले. बाहेर दिवेलागण होत होती.

"डॉक्टरबाई, बाकी सगला ठीक हाय," ते शेवटी म्हणाले. "पन या येलंला हातांना काय काम द्यायचा, तेच कलत न्हाय."

मी आत गेले आणि लसणाचं ताट आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

"मग हा सोला," मी म्हटलं. "मला फोडणी टाकायचीय."

त्यांनी एक गड्डी उचलली, फोडली, आणि एकेक पाकळी सावकाश सोलायला लागले.